गाणाऱ्यासाठी काढा

नवीन जालना
२८ जानेवारी २०२५

आत्या, दंडवत घे.

ही चिठ्ठी पप्पूच्या जीपमधून पाठवतोय. घनसावंगीला जाताना तो वाडीच्या फाट्यावर थांबून तुझ्या हातात देईल. उत्तरही त्याच्याकडेच दे, परत येताना तो माझ्या ऑफिसात टाकेल. तुला फोन करून उपयोग नाही, आणि तुझ्या बटनाच्या मोबाईलवर मेसेज पाठवला की अक्षरं बारीक दिसतात म्हणून तू तो उघडतच नाहीस. पोस्टाच्या भरवशावर बसलो तर सप्ताह संपून जाईल.

हो, सप्ताह. आपल्या वाडीत या वर्षी अखंड सप्ताह मी बसवतोय. रविवारी, २ तारखेला सुरू आणि पुढच्या रविवारी काल्याचं जेवण. मांडव, आचारी, सगळं ठरलं. राधेश्यामकाकांनी पहाऱ्यांची वही केली आहे, दोन-दोन तासांच्या पाळ्या आणि प्रत्येकाची सही. नेम एकच. सात दिवस वीणा वाजती राहिली पाहिजे आणि जमिनीला टेकता कामा नये. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर. मध्ये एक मिनिटाचाही खंड नको. हा माझा नवस आहे. कसला ते विचारू नकोस, नवस बोलून दाखवायचा नसतो.

पहिला पहारा मी स्वतः गाणार आहे. मग कामामुळे इकडे परत यावं लागेल. तू माझ्या वतीने लक्ष ठेवशील ना? आणि एखादा पहारा तूही घे. वीणा धरून उभं राहायला कान लागत नाहीत.

तुझा
अंगद

*

वाडी
३० जानेवारी

चिरंजीव अंगद,

चिठ्ठी मिळाली. अक्षर बघून बरं वाटलं आणि काळजीही वाटली. लहानपणी तू काही लपवलंस की तुझं अक्षर उजवीकडे कलायचं. यात पहिल्या ओळीपासून कललं आहे.

पहाऱ्याचं म्हणशील तर मला वगळ. तुला माहीत आहे, त्या विठ्ठलाचं आणि माझं बोलणं बंद आहे. आठ वर्षं झाली. तापात कान गेले तेव्हा मी काय कमी केलं? एकवीस शनिवार मारुतीला तेल घातलं. अकरा सत्यनारायण घातले. पोथीची सात पारायणं केली, तीही मोठ्याने, आणि मलाच माझा शब्द ऐकू येत नव्हता. अंगणवाडीची नोकरी राहिलेली दोन वर्षं कशीबशी रेटली. पोरं काय म्हणतात ते त्यांच्या ओठांवरून ओळखायचे. शेवटच्या पारायणाची समाप्ती झाली त्या दिवशी मी देवळाची पायरी उतरले, ती पुन्हा चढले नाही. पायरी झाडते रोज. ती गावाची आहे म्हणून.

त्यामुळे आचाऱ्याच्या हाताखाली बसून भाज्या चिरीन, पोळ्या लाटीन. आत येणार नाही. लक्ष ठेवायचं तर जन्नतला सांग. तिची भिंत देवळाला लागून आहे, तिला सगळं ऐकू जातं. मला काही सांगायचं झालं तर ती समोर येऊन तोंड मोठं करून बोलते, आणि गावात मला फक्त तिचंच बोलणं पूर्ण कळतं.

रविवारी येशील तेव्हा नीट जेवून जा. मागच्या वेळी भाकरी पाण्यात कालवून खाल्लीस ते मी पाहिलं आहे.

तुझी आत्या
गोजरबाई

*

नवीन जालना
४ फेब्रुवारी

आत्या, दंडवत.

काय सुरुवात झाली! तू स्वयंपाकाच्या मांडवातून बघत होतीस, मला दिसलीस. एवढी माणसं आपल्या देवळात मी आजवर पाहिली नव्हती. दीड तास गायलो. राधेश्यामकाकांनी माझं गाणं मोबाईलवर भरून घेतलं, म्हणाले, "राहू दे, आठवण व्हईल."

गळ्यात मफलर का, म्हणून तू खुणेने विचारलंस. थंडी, दुसरं काही नाही.

काका रोज सकाळी वहीच्या पानाचा फोटो पाठवतात. पानभर सह्या असतात. एकही रकाना रिकामा नाही. आज तिसरा दिवस, आणि वीणा एकदाही थांबलेली नाही. ऑफिसात बसल्या बसल्या मी ते फोटो मोठे करून बघत असतो. बियाण्याच्या गोण्यांचे ट्रक येतात, जातात, माणसं काहीबाही विचारतात, आणि माझं मन त्या रकान्यांत. आत्या, तुला सांगतो, मला आतून वाटतं की हे पूर्ण होणार. आणि हे पूर्ण झालं की माझंही ठीक होईल.

तू पहारा घेतलास का?

अंगद

*

वाडी
५ फेब्रुवारी, दिवस मावळताना

अंगद,

पहारा घेतला. आज दुपारपासून घेतला आहे आणि रोज दुपारी घेणार आहे. जास्त लिहीत नाही, पाय भरून आले आहेत.

एक विचारते, त्याचं खरं उत्तर दे. तुला खोकला कधीपासून आहे? जन्नत म्हणते, हा खोकला थंडीचा नाही. तिच्या घरवाल्याला, पाशामियाँला, असाच होता. तिला कसं कळलं ते मागाहून सांगेन.

थंडी म्हणू नकोस. मी बहिरी आहे, आंधळी नाही.

आत्या

*

नवीन जालना
६ फेब्रुवारी

आत्याबाईंना तृप्तीचा नमस्कार.

तुमची चिठ्ठी आली. हे उत्तर लिहायला बसले आणि तीन कागद फाडले. शेवटी मीच लिहिते. यांना न सांगता पप्पूभाऊंना देते आहे.

यांच्या आवाजाच्या पेटीवर गाठ आहे. दिवाळीनंतर कळलं. तपासणी झाली, गाठ चांगली नाही. १३ तारखेला संभाजीनगरला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, जीव वाचेल, पण आवाज राहील की नाही ते आत्ता सांगता येत नाही. कदाचित पेटी सगळीच काढावी लागेल. तशी काढली तर हे पुन्हा कधी बोलणार नाहीत.

तुमच्यापासून लपवायचं यांनीच ठरवलं. म्हणाले, "आत्यानं माझं गाणं आठ वर्षांत ऐकलं न्हाई. आता ते असंबी जाणार हाय, हे तिला कशाला सांगू?" घरात आता फार बोलत नाहीत. बोललं की दुखतं. रविवारी वाडीत दीड तास गायले, त्यानंतर दोन दिवस पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं.

नवस तोच आहे, आत्याबाई. सात दिवस वीणा अखंड राहिली तर आवाज राहील. मी म्हटलं, असं देवाला अटीवर धरतात का? तर म्हणाले, "माझ्याजवळ दुसरं काय हाय?" रोज त्या वहीच्या फोटोवर हात ठेवून झोपतात. मला भीती वाटते. तुम्ही तेवढं बघा, वीणेत खंड पडू देऊ नका.

तुमची
तृप्ती

*

वाडी
७ फेब्रुवारी

अंगद, बाळा,

तृप्तीने मला लिहिलं आहे. तिच्यावर रागावू नकोस. तिची चिठ्ठी वाचून मी चूल विझवली. मग ठरवलं, तुला खरं सांगायचं. रात्रभर दुसरं उत्तर शोधत होते, मिळालं नाही.

वीणेत खंड पडला आहे. बुधवारी पडलेला मी डोळ्यांनी पाहिला, त्याच्या आधी किती वेळा पडला कोण जाणे.

बुधवारी दुपारी मी ओट्यावर लसूण सोलत होते. जन्नत आली, हातात झाकलेलं पातेलं. आलं, तुळस, मिरी घालून केलेला काढा, वर गूळ. समोर बसून मला म्हणाली, "गोजर, ये अपने अंगद कू पिला. चार दिन से दोपहर कू गारा, और एकीच जगा पे खाँसरा. गला बैठ जाइंगा बच्चे का."

मी म्हटलं, "बाई, अंगद तं रविवारीच जालन्याला गेला."

ती मानेना. म्हणाली, "मैं अपने कानों से सुनरी. आवाज उसकीच है. चढके गाता, फिर दो बार खाँसता, फिर गाता. बराबर उसीच जगा पे."

मला काही उमजेना. पातेलं घेऊन दोघी देवळापाशी गेलो. जन्नत पायरीशी थांबली. मी आठ वर्षांनी पायरी चढले, तीही काढा द्यायला, हे लक्षात घे. दर्शनाचं माझ्या मनातही नव्हतं.

आत कुणी नव्हतं. सतरंज्या घातलेल्या, टाळ एका टोपल्यात भरून ठेवलेले. समोर स्पीकर, त्यावर निळा दिवा. आणि वीणा खांबाच्या खुंटीला लटकवलेली. गळ्यात ताजा हार, हळदीकुंकू सगळं. मी स्पीकरवर हात ठेवला तर तो आतून धडधडत होता. तो तू होतास. रविवारी भरून घेतलेलं तुझंच गाणं, तुझ्या खोकल्यासकट, फिरून फिरून लावलेलं. तुझा आवाज राहावा म्हणून तू नवस केलास, आणि तो नवस गावाने तुझ्याच आवाजावर भागवला.

राधेश्यामला बोलावून आणलं. तो काही वाईट माणूस नाही, तुलाही माहीत आहे. त्याच्या ओठांवरून मला अर्धंच कळत होतं, बाकीचं जन्नतने सांगितलं. "हरभरा काढणीला आल्ता, आक्का. दुपारचा माणूस आणू कुठून? पन नेम मोडला न्हाई बरं का. वीणा जमिनीला कुठं टेकली? खुंटीला हाय. आन नाव बी चालूच हाय, मशिनीवर." अगदी खऱ्या मनाने बोलत होता. सह्या विचारल्या तर म्हणाला, "त्या पहिल्याच दिशी सात दिसांच्या करून घेतल्या, मागून लोकं सापडत न्हाईत." आणि तुला सांगू नका म्हणून हात जोडले.

तो गेला. मला इतका संताप आला होता की मी स्पीकरची वायर ओढून काढली. निळा दिवा गेला. आणि मग माझ्या ध्यानात आलं की आता देवळात आवाज थांबला असणार, आणि तो मी थांबवला. सगळ्या गावाला शांतता ऐकू आली असेल, मला काहीच फरक कळला नाही. मी घाबरले, अंगद. मी खुंटीवरून वीणा काढली आणि खांद्याला लावली. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

तारेवर बोट मारलं. तारेचं थरथरणं भोपळ्यातून माझ्या बरगडीला लागलं. पुन्हा मारलं. ते गळ्याच्या हाडातून वर चढलं, दातांपर्यंत आलं. मग मी नाव घेतलं. आठ वर्षांत मी एकटीने तोंड उघडून त्याचं नाव घेतलं नव्हतं. माझा आवाज कसा झालाय मला माहीत नाही. विठ्ठल म्हटलं की तार मारायची, पुन्हा विठ्ठल. त्या दिवशी मी काहीही मागितलं नाही. मागायचं विसरूनच गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

मला ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला लिहू? कानात काहीसुद्धा आलं नाही. पण कुणीतरी ऐकत होतं. हे कसं सांगावं? अंगणवाडीत मी पोरांकडे पाठ करून फळ्यावर लिहायचे. मागे दंगा चालायचा. आणि त्यात एखादं पोर दंगा सोडून माझ्याकडे बघत बसलं की माझ्या पाठीला कळायचं. तसं कळलं. माझ्याकडे सगळं लक्ष लावून कुणीतरी बसलं आहे, आणि ते मोठं आहे, फार मोठं, त्याच्यापुढे देऊळ म्हणजे काहीच नाही, आणि तरी ते माझ्यासारख्या तुसड्या बाईचं एक-एक अक्षर ऐकत आहे. अंगावर काटा आला तो बराच वेळ गेला नाही. आठ वर्षं मी रुसून बसले होते की मला ऐकू येत नाही. त्याला ऐकू येतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

किती वेळ उभी होते माहीत नाही. डोळे उघडले तर उन्हं खांबावरून खाली आली होती. जन्नत दारात डोक्यावर पदर घेऊन उभी, हातात पातेलं तसंच, डोळ्यांतून पाणी. मी बाहेर आल्यावर म्हणाली, "घर तलक आवाज आरी थी तेरी. बिलकुल बेसुरी." मग तो काढा आम्ही दोघींनीच प्यायला.

आता रोज दुपारी मी उभी राहते. कांताबाई आणि तिची सून शालू टाळ घेऊन येतात. बाकी कुणी नाही. रात्रीच्या पहाऱ्याचं मला माहीत नाही, विचारलंही नाही.

तर तुझा नवस मोडला आहे. हे तुला माझ्याकडूनच कळावं असं वाटलं. तुझ्या गळ्याचं मला कळलं आहे, तरी खोट्या सह्यांवर हात ठेवून मी तुला ऑपरेशनला जाऊ देणार नाही.

आत्या

*

नवीन जालना
८ फेब्रुवारी

आत्या,

हे तू मला सांगायला नको होतंस.

पाच दिवस राहिले आहेत. आठ दिवस मी त्या एका गोष्टीवर श्वास घेत होतो, ती तू काढून घेतलीस. तुला देवळात काहीतरी सापडलं, चांगलं झालं. तुझे कान काही परत आले नाहीत ना? मग मी काय समजू? आता माझ्या हातात काय राहिलं, तेवढं सांग.

काल्याला येत नाही. राधेश्यामकाकांना सांग, आजारी आहे.

अंगद

*

वाडी
९ फेब्रुवारी

अंगद,

तुझ्या हातात काही राहिलेलं नाही. माझ्याही नव्हतं.

चिठ्ठी वाचून मी रडले, ते तुझ्या बोलण्याचं वाईट वाटून नाही. असंच मी त्याला आठ वर्षं बोलत होते, म्हणून. बरोबर विचारलंस. कान आले नाहीत. येतील असंही मला वाटत नाही. आणि या चार दिवसांत त्यांची आठवणही मला फार झाली नाही, हे मलाच नवल वाटतं आहे. यापेक्षा जास्त मला समजावून सांगता येत नाही. मी चार-पाच वर्षांच्या पोरांना शिकवलेली बाई.

काला झाला. साडेतीनशे पान उठलं. सगळ्यांनी तुझं नाव काढलं, सप्ताह कसा निर्विघ्न झाला म्हणून. राधेश्याम माझी नजर चुकवत होता. मी त्याला दोन जिलब्या जास्त वाढल्या.

उद्या मांडव निघेल. मंगळवारी देवळात कुणी नसेल. तू ये. नवस घेऊन येऊ नकोस, नारळ आणू नकोस, माझ्यासाठीही येऊ नकोस. मी तुला आत काय कर ते सांगणार नाही आणि बाहेर आल्यावर विचारणार नाही.

आत्या

*

वाडी
१२ फेब्रुवारी

अंगद,

काल तू गेल्यावर लिहायचं राहिलं, आज बसले आहे.

तू गाडी फाट्यावर लावून चालत आलास, माझ्या पाया पडलास, आणि काही न बोलता आत गेलास. मी पायरीवर बसले. तू दुपारी आत गेलास, तो सावल्या लांबल्या तेव्हा बाहेर आलास. तेवढ्या वेळात तू गायलास, की रडलास, की नुसता बसून राहिलास, मला कळायला काही मार्ग नाही. बाहेर आलास तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. तो तुझ्या सातवीतला चेहरा होता, गाण्याच्या स्पर्धेच्या आधीचा, कप मिळायला लागण्यापूर्वीचा.

शब्द दिला होता म्हणून तुला विचारलं नाही. पण मी जातीची चोंबडी, जन्नतला विचारलं. तिच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. ती तोंडावर पदर धरून बसली आणि मान हलवली. "नै बोलती. वो उनके आपस का है."

पहिल्यांदाच त्या बाईने मला काही सांगितलं नाही.

उद्या तुला आत नेतील तेव्हा मी देवळात असेन. वीणा राधेश्यामने घरी नेली आहे, म्हणजे रिकाम्या हातांनीच बसावं लागेल. तुझ्यासाठी काही मागणार नाही असं ठरवलं होतं, पण मला ते जमणार नाही. मागून घेईन. त्यालाही माझा स्वभाव माहीत आहे.

आत्या

*

छत्रपती संभाजीनगर
२२ फेब्रुवारी

आत्या, दंडवत घे.

आज पहिल्यांदा बसून लिहितोय. अक्षर कसंही झालं आहे, पण कललेलं नाही, बघ.

पेटी सगळी काढली. तृप्तीने निरोप पाठवलाच असेल. आता गळ्याला भोक आहे आणि त्यात नळी. श्वास तिथूनच आत जातो, तिथूनच बाहेर येतो. नाकातोंडाचा आणि श्वासाचा संबंध संपला. डॉक्टर म्हणतात, गाठ पूर्ण निघाली. गाणं संपलं, बोलणंही. तू ऐकत नाहीस आणि मी बोलत नाही. पप्पूला म्हणावं, तुझी जीप आम्हाला जन्मभर पुरणार आहे.

तुला त्या मंगळवारचं सांगायचं आहे. तू विचारलं नाहीस म्हणूनच सांगतो. मी आत गेलो तो भांडायच्या तयारीने. काय काय बोलायचं ते गाडीतच ठरवलं होतं. समोर बसलो आणि त्यातलं काहीच तोंडात येईना. सतरंजी नव्हती, फरशी गार होती. मग मी गायला लागलो. गळा दुखत होता, सूर फाटत होता, मध्ये खोकला येत होता, आणि मला कशाचीच लाज वाटेना. आत्या, सातवीत असल्यापासून मी गातोय. प्रत्येक वेळी माझा एक कान माझ्याच आवाजाकडे असायचा. कसा लागला सूर, लोकांना कसा वाटला. नवसाच्या दिवशीसुद्धा मी देवाला माझा आवाज दाखवतच होतो, बघ, एवढी चांगली वस्तू तू मोडणार का? मंगळवारी तो कान बंद झाला. माझं गाणं किती वाईट चाललं आहे हे मला माहीत होतं, आणि तरी तू लिहिलंस तसंच झालं. कुणीतरी सगळं सोडून ऐकत होतं. मी भीतीने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग पुन्हा गायलो. जे होतं ते सगळं गाऊन टाकलं. उरवायचं कशाला?

आता कालचं सांगतो. त्यासाठीच ही चिठ्ठी.

माझ्या शेजारच्या खाटेवर वडीगोद्रीकडचे रखमाजी म्हणून एक म्हातारे आहेत. सत्तरी ओलांडलेली. माझी गळ्यातली तुळशीची माळ इथे उशाशी ठेवली आहे, ती बघून त्यांनी पहिल्या दिवसापासून मला बुवा ठरवून टाकलं. मी बोलत का नाही हे त्यांना कुणी सांगितलं नसावं, किंवा सांगूनही त्यांच्या डोक्यात शिरलं नसावं. काल सकाळी त्यांचं ऑपरेशन होतं. मुलगा खाली कागदपत्रं करायला गेला होता. म्हातारा थरथर कापत होता. त्यांनी हात लांब करून माझा हात धरला आणि डोळे घट्ट मिटले.

"बुवा, नाव घ्या की माझ्यासाठी," म्हणाले. "मला काई सुचंना. लई भ्या वाटून राह्यलंय."

मी गळ्याकडे बोट दाखवलं, पण डोळे मिटलेल्या माणसाला काय दिसणार? बोलण्याऐवजी लिहून दाखवायची माझी पाटी पलीकडच्या टेबलावर होती. हात सोडवून घ्यावा तर ते सोडेनात. मग मी ओठ हलवायला लागलो. विठ्ठल, विठ्ठल. सावकाश, जसं म्हटलं असतं तसंच, सुरात. मनात सूर लागतो, आत्या. तो कुणाला काढता आला नाही.

थोड्या वेळाने त्यांचा हात थांबला. कापणं गेलं. श्वास सारखा झाला. मी ओठ हलवत राहिलो. तृप्ती डबा घेऊन दारात आली होती, ती तिथेच उभी राहिली.

मग वॉर्डबॉय आले आणि त्यांना गाडीवर घेतलं. जाताना रखमाजींनी डोळे उघडले, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "लई गोड गळा हाय, बुवा, तुमचा. अगदी आतपोहत गेला."

तृप्तीने ते ऐकलं. नर्सनेही ऐकलं. ती माझ्याकडे आणि माझ्या नळीकडे बघत राहिली. रखमाजींचं ऑपरेशन नीट झालं, आज ते शुद्धीवर आहेत. त्यांना काय ऐकू आलं ते मी पाटीवर लिहून विचारणार होतो. पाटी हातात घेतली आणि खाली ठेवली.

आत्या, माझ्या तोंडातून साधा वारासुद्धा बाहेर आला नव्हता.

तुझा
अंगद